ईमेल न घेता पाठवलेल्या सूचना पोहोचत नाहीत? आधी हे तपासा

इंदुरात सुदामानगर, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर भागातली मराठी वाचनालयं, डबेवाले, गाण्याचे क्लास, दिवाळीच्या फराळाची आगाऊ नोंदणी घेणारी घरं, सगळ्यांची नोंदणी आता ऑनलाइन होते. फॉर्ममध्ये ईमेलचा रकाना सक्तीचा केला की लोक मनाला येईल तो पत्ता ठोकतात, नाहीतर नातवाचा देतात, आणि तो नातू कधी उघडून बघत नाही. म्हणून ईमेल काढून टाकणं हा निर्णय बरोबरच आहे. पण त्याच्या जागी एसएमएस, व्हॉट्सॲप किंवा ब्राउझरची सूचना बसवली की दर दोन-तीन महिन्यांनी तीच तक्रार येते: "आम्हाला काही आलंच नाही."

लक्षणं साधारण अशी दिसतात:

- पॅनेलवर "सबमिटेड" किंवा "सेंट" दिसतं, फोनवर काहीच नाही.
- काहींना मिळतं, काहींना नाही. ज्यांना नाही त्यांचे फोन एकाच बनावटीचे निघतात.
- आयफोनवाल्यांना ब्राउझरची सूचना पहिल्या दिवसापासून नाही.
- सगळं सुरळीत चालू असतं आणि एखाद्या दिवशी एकदम सगळ्यांचं बंद पडतं.
- दुपारचा निरोप रात्री येतो, किंवा चार निरोप एकदम आदळतात.
- मेसेज पोहोचतो, पण मराठी मेसेजचे पैसे दुप्पट-तिप्पट कापले जातात.

खालचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे आहे. पहिल्या दोन पायऱ्यांना एक पैसा लागत नाही आणि बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. तरीही लोक सुरुवात सर्व्हरचा कोड उसवण्यापासून करतात.

आधी एक नंबर, एक वेळ पकडा

"कोणालाच येत नाही" या तक्रारीवर काम करता येत नाही. एका माणसाचा नंबर, निरोप पाठवल्याची वेळ आणि गेटवेने (तुमचे मेसेज पुढे मोबाइल कंपन्यांकडे सोडणाऱ्या सेवेने) दिलेला मेसेज आयडी एवढं कागदावर घ्या. मग पॅनेलमध्ये डिलिव्हरी रिपोर्ट उघडा. "सबमिटेड" म्हणजे गेटवेने तुमच्याकडून मेसेज घेतला, इतकंच. "डिलिव्हर्ड" म्हणजे फोनने तो घेतला. "फेल्ड" किंवा "रिजेक्टेड" असेल तर शेजारी कारणाचा कोड असतो. निम्मं उत्तर त्या कोडमध्येच असतं. व्हॉट्सॲपच्या अधिकृत सेवेत हाच फरक सेंट आणि डिलिव्हर्ड असा दिसतो. ब्राउझरच्या सूचनेत पुश सेवा (ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीची, सूचना फोनपर्यंत नेणारी सेवा) २०१ हा कोड परत देते, त्याचाही अर्थ "घेतला" एवढाच आहे, "दाखवला" असा नाही.

हे आधी पाहायचं कारण म्हणजे निरोप कुठे अडला ते यावरून ठरतं. रिजेक्ट झाला असेल तर फोनच्या सेटिंग पाहण्यात वेळ जातो. डिलिव्हर्ड असेल तर सर्व्हरला हात लावू नका.

नंबर खरोखर नंबर आहे का

फोनचा कीबोर्ड मराठीत असेल तर माणूस ९८२६ असे देवनागरी अंक टाकतो. काही प्रोग्रामिंग भाषा असे अंकही "अंक" म्हणून मान्य करतात (पायथनची नेहमीची अंक-तपासणी करते, जावास्क्रिप्टची करत नाही), त्यामुळे फॉर्म बिनबोभाट पास होतो आणि गेटवे तो नंबर फेकून देतो. नंबर साठवण्याआधी देवनागरी अंकांचे रोमन अंक करून घ्या. दहा ओळींचं काम आहे.

दुसरी ठरलेली जागा एक्सेलची. बारा आकडी नंबर अरुंद रकान्यात पडला की एक्सेल तो घातांकाच्या रूपात दाखवतं, आणि तशी फाइल सीएसव्ही करून पुन्हा चढवली की शेवटचे आकडे शून्य झालेले असतात. रकान्याचं स्वरूप आधी "टेक्स्ट" करा, मग नंबर टाका. सुरुवातीचा ०, मधली मोकळी जागा, ९१ दोनदा लागणं, हे सगळं एकाच नियमाने साफ करा: शेवटचे दहा आकडे घ्या, पहिला आकडा ६ ते ९ यांपैकी आहे का पाहा, मग पुढे ९१ लावा.

याच पायरीवर माणसालाही विचारा. ज्येष्ठांची नोंदणी पुष्कळदा पुण्या-बंगळुरूला राहणाऱ्या मुलाने केलेली असते. निरोप व्यवस्थित पोहोचतो, पण मुलाच्या फोनवर. "आजी, हा नंबर तुमच्याच हातातल्या फोनचा आहे ना?" एवढा प्रश्न पुरतो. फॉर्ममध्ये "निरोप कोणाच्या फोनवर यावा" असा वेगळा रकाना ठेवला तर हा घोळ कायमचा संपतो.

आणखी दोन गोष्टी. सिम बदललं किंवा हरवलेलं नव्याने काढलं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात. ही सुरक्षेसाठी घातलेली अट आहे, तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. आणि बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या माणसाला मिळू शकतो. वर्षभर न वापरलेल्या नंबरवर नाव, थकबाकी किंवा ओटीपी पाठवू नका, आधी नंबर नव्याने पडताळा.

ग्राहकाच्या फोनवर काय बघायचं

एसएमएस "डिलिव्हर्ड" असूनही दिसत नसेल तर मेसेजच्या ॲपमधला "स्पॅम आणि ब्लॉक केलेले" हा कप्पा उघडायला सांगा. आयफोनमध्ये अनोळखी पाठवणाऱ्यांचे मेसेज वेगळ्या यादीत गेलेले असू शकतात.

ब्राउझरच्या किंवा ॲपच्या सूचनेसाठी अँड्रॉइडमध्ये दोन कुलपं आहेत. पहिलं ॲपचं: अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला सूचना दाखवायची परवानगी वेगळी मागावी लागते. दुसरं साइटचं: क्रोममध्ये तुमच्या साइटसाठी सूचना "अनुमती" वर आहेत की "ब्लॉक" वर. क्रोमलाच फोनने गप्प बसवलं असेल तर साइटची परवानगी असून उपयोग नाही. माणसाने एकदा "ब्लॉक" दाबलं की साइटला पुन्हा विचारता येत नाही. त्यालाच पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर दाबून परवानगी उघडावी लागते. बरेच दिवस न उघडलेल्या साइटची परवानगी क्रोम आपणहून काढूनही घेतं.

शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी या फोनांत बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद केली जातात. ॲपची सूचना उशिरा किंवा ढिगाने येत असेल तर सेटिंगमध्ये त्या ॲपसाठी "ऑटोस्टार्ट" चालू करा आणि बॅटरीचा निर्बंध काढा. ॲप "फोर्स स्टॉप" केलं असेल तर ते हाताने पुन्हा उघडेपर्यंत काहीच येत नाही.

आयफोनचं उत्तर सरळ आहे. आयओएस १६.४ पासून (मार्च २०२३) ब्राउझरच्या सूचना येतात, पण साइट "होम स्क्रीनवर जोडा" करून तिथूनच उघडली तर. नुसत्या सफारीच्या टॅबमध्ये परवानगीचा प्रश्नच दिसत नाही. आयफोनवाल्यांना हे दोन चित्रांत दाखवा. ज्यांना जमत नाही त्यांना एसएमएसवर ठेवा, हट्ट करू नका.

एसएमएस: मजकूर टेम्पलेटशी जुळतो का

इथे थोडं थांबावं लागतं, कारण "काल चालत होतं, आज बंद" या तक्रारीचं मूळ सहसा इथे असतं.

भारतात व्यवसायाकडून जाणारा प्रत्येक एसएमएस ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांखाली डीएलटी या नोंदवहीशी ताडून पाहिला जातो. संस्थेची नोंद, सहा अक्षरी हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचं टेम्पलेट (ठरलेला साचा), तिन्ही मंजूर हवीत, आणि पाठवताना मजकूर टेम्पलेटशी तंतोतंत जुळायला हवा. "आपले पुस्तक" मंजूर असताना कोणी "आपलं पुस्तक" केलं की मेसेज अडतो. पूर्णविराम, जादा मोकळी जागा, ओळ तोडणं, सगळं मोजलं जातं.

देवनागरीत याच्यापुढची एक खोच आहे. "ॲप" मधला ॲ एका अक्षराने लिहिता येतो, किंवा अ वर चंद्र देऊन. "कर्मचाऱ्यांना" मधला ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो, एकीत न दिसणारं जोडचिन्ह दडलेलं असतं. डोळ्याला फरक शून्य, संगणकाला ते वेगळे शब्द. व्हॉट्सॲपवरून मजकूर कॉपी केला की अशी अदृश्य चिन्हं हमखास येतात. म्हणून मजकूर हाताने पुन्हा टाइप करू नका. डीएलटी पॅनेलवरचं मंजूर टेम्पलेट तिथूनच कॉपी करून कोडमध्ये चिकटवा, आणि टेम्पलेटमध्ये शक्यतो ॲ आणि ऱ्य येणारे शब्दच टाळा.

बदलत्या मजकुराच्या प्रत्येक जागेत ३० अक्षरांपर्यंतच बसतात. वाचनालयांचं इथे अडतं: लांब नावाच्या पुस्तकांचे निरोप अडतात, छोट्या नावांचे जातात, आणि पाहणाऱ्याला वाटतं की ठरावीक सभासदांनाच मिळत नाहीत. नाव २५ अक्षरांवर कापा किंवा टेम्पलेटमध्ये सलग दोन जागा घेऊन मंजुरी मिळवा.

मेसेजमध्ये लिंक असेल तर ती डीएलटीवर आधी नोंदवलेली हवी. १ ऑक्टोबर २०२४ पासून न नोंदवलेल्या लिंकचा मेसेज अडवला जातो. साइटचा पत्ता बदलला आणि लिंक नोंदवायची राहिली, की एका दिवसात सगळं बंद. तसंच गेटवे कंपनी बदलली तर संस्था ते टेलिमार्केटर (तुमच्या वतीने मेसेज सोडणारी कंपनी) ही साखळी नव्याने जोडावी लागते. २०२४ च्या अखेरीपासून साखळी अपुरी असेल तर मेसेज पुढे जात नाही.

जाहिरातीचा मेसेज सकाळी १० ते रात्री ९ या वेळेतच जातो आणि डीएनडी लावलेल्यांना जात नाही. "चकली-अनारशांची नोंदणी सुरू" ही जाहिरात आहे, "तुमची नोंदणी झाली" ही सेवा. २०२५ पासून हेडरच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी हे अक्षर येतं. जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारीला जी. ग्राहकाकडून स्क्रीनशॉट मागवलात तर तुमचं टेम्पलेट कोणत्या वर्गात पडलंय हे त्या एका अक्षरावरून कळतं.

आता पैशांचं. रोमन लिपीतला साधा मेसेज १६० अक्षरांचा, देवनागरीतला ७० चा. त्यापुढे गेलात की तुकडे पडतात आणि देवनागरीत प्रत्येक तुकडा ६७ चा होतो. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: "सुदामानगर" डोळ्याला सहा अक्षरं, मोजणीत नऊ, "लोकमान्यनगर" सात दिसतं, मोजलं जातं अकरा. हा नमुना बघा:

"आपले राखीव पुस्तक आले आहे. शनिवारपर्यंत घेऊन जावे. - वाचनालय"

हा मोजून ६० होतो. म्हणजे हाताशी दहा उरतात. त्यात पुस्तकाचं नाव घातलंत की बहुधा दुसरा तुकडा सुरू. नाव मेसेजमध्ये नको, ते सेवेच्या पानावर दाखवा. रोमन लिपीतला मेसेजही दोन चिन्हांमुळे ७० च्या हिशेबात जातो: ₹ आणि वळणदार अवतरणचिन्हं. ₹ ऐवजी "रु." चं रोमन रूप वापरा.

मंडळ नोंदणीकृत नसेल, पॅनकार्ड नसेल, तर डीएलटीची नोंदणी पुढे सरकत नाही. अशा मंडळांनी एसएमएसच्या मागे लागू नये. दुसऱ्या कोणाच्या हेडरवरून मेसेज सोडायची "सोय" कोणी देऊ केली तर ती घेऊ नका.

व्हॉट्सॲप

साध्या बिझनेस ॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच निरोप जातो. "अर्ध्या लोकांना जात नाही" याचं कारण बहुधा एवढंच. नोंदणीच्या वेळीच नंबर सेव्ह करायला सांगा.

अधिकृत एपीआय (तुमच्या प्रोग्राममधून थेट निरोप सोडायची सोय) वापरत असाल तर कोड पाहा. १३१०४७: ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजला २४ तास उलटले, आता मंजूर टेम्पलेटच चालेल. १३१०२६: निरोप पोहोचवता आला नाही, नंबर व्हॉट्सॲपवर नसतो किंवा तिथलं ॲप फार जुनं असतं. १३१०४९: हा निरोप त्या माणसापर्यंत न नेण्याचं मेटाने (व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीने) ठरवलं, सहसा जाहिरातीच्या टेम्पलेटला. लगेच पुन्हा पाठवू नका, काही होत नाही. १३२००१: त्या नावाचं टेम्पलेट त्या भाषेत नाही. इंदुरात हे फार होतं. मजकूर मराठी, पण टेम्पलेट भरताना भाषा हिंदी निवडलेली, आणि कोड मराठीची मागणी करतो. नव्या खात्याला सुरुवातीला २४ तासांत २५० वेगवेगळ्या ग्राहकांनाच आपणहून निरोप पाठवता येतो. चारशे सभासद असतील तर उरलेले दीडशे दुसऱ्या दिवशी घ्या.

व्हॉट्सॲप वेबला जोडून धडाधड मेसेज सोडणारी फुकटची साधनं नकोत. नंबर बंद होतो, आणि तो बहुतेकदा दुकानाचा मुख्य नंबर असतो.

ब्राउझरच्या सूचना: सर्व्हरची बाजू

इथून पुढे कोड कळणारं माणूस लागतं. हा मार्ग मात्र सगळ्यांत स्वस्त आहे: प्रत्येक निरोपाला पैसे नाहीत, मोबाइल नंबरही घ्यावा लागत नाही.

साइट एचटीटीपीएसवर हवी. पत्ता एकच हवा, कारण ब्राउझरच्या लेखी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेली आणि नसलेली साइट या दोन वेगळ्या साइट आहेत, एकीची परवानगी दुसरीला चालत नाही. सर्व्हिस वर्करची फाइल (साइट बंद असतानाही सूचना घेणारा कोड) मूळ फोल्डरमध्ये ठेवा आणि तिच्यावर रिडायरेक्ट लावू नका. परवानगी पान उघडताक्षणी मागू नका. "पुस्तक आलं की कळवा" अशा बटणावर बोट पडल्यावर मागा. फायरफॉक्स आणि सफारी त्याशिवाय प्रश्न दाखवतच नाहीत, आणि क्रोममध्ये लोक चिडून "ब्लॉक" दाबतात.

मग पुश सेवेचे परतीचे कोड. ४०४ किंवा ४१० आला म्हणजे ती नोंद मेली: माणसाने साइटचा डेटा पुसला, परवानगी काढली किंवा ब्राउझर काढला. ती नोंद लगेच डेटाबेसातून काढा. ४१३ म्हणजे मजकूर मोठा. मर्यादा ४०९६ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. ४२९ म्हणजे फार वेगाने पाठवताय. ४०१ किंवा ४०३ सगळ्यांनाच येऊ लागला तर व्हॅपिड किल्ल्या (पुश सेवेला तुमच्या सर्व्हरची ओळख पटवणारी जोडी) तपासा. सर्व्हर बदलताना कोणी नव्या किल्ल्या तयार केल्या असतील तर जुन्या साऱ्या नोंदी निकामी झालेल्या असतात. जुनी जोडी सापडली तर ती परत बसवा, नाहीतर प्रत्येकाला नव्याने जोडून घ्यावं लागतं. किल्ल्या बरोबर असतील तर सर्व्हरचं घड्याळ बघा. त्या किल्लीने सही केलेल्या टोकनची (ओळखचिठ्ठीची) मुदत २४ तासांपेक्षा जास्त चालत नाही, आणि घड्याळ पुढे गेलेलं असेल तर ती मुदत नकळत ओलांडली जाते.

निरोपाचं आयुष्य टीटीएल या आकड्याने सेकंदांत ठरतं. ० ठेवलात तर त्या क्षणी फोन नेटवर नसलेल्याला तो निरोप कधीच मिळत नाही. "आज डबा अर्धा तास उशिरा" याला ७२०० पुरे, त्यानंतर तो निरोप गेला काय आणि राहिला काय. "पुस्तक परत करायची तारीख जवळ आली" याला ८६४०० किंवा जास्त.

कायमचा उपाय: माणूस साइटवर आला की दर वेळी ब्राउझरकडची नोंद वाचा आणि सर्व्हरवर ताजी करा. नोंद माणसाची नसते, त्या ब्राउझरची असते. एकाच्या फोनच्या आणि संगणकाच्या दोन नोंदी होतात. आणि घरातल्या सामायिक फोनवर लॉगआउट करताना नोंद काढली नाही तर सुनेच्या सूचना सासूबाईंना दिसतात.

स्वतःचं अँड्रॉइड ॲप असेल आणि ते २०२४ च्या मध्यापासून गप्प असेल, तर फायरबेसचा (ॲपला सूचना पाठवणाऱ्या गूगलच्या सेवेचा) जुना एपीआय तपासा. तो तेव्हा बंद झाला, नवा एचटीटीपी व्ही१ वापरावा लागतो. २७० दिवस न वापरलेल्या फोनचं टोकनही फायरबेस बाद करतं.

सेवेतच सूचनांची पेटी ठेवा

वरचं सगळं नीट केलं तरी काही निरोप हुकणारच. एसएमएस किंवा पुश ही फक्त दारावरची टकटक समजा, खरा निरोप सेवेच्या आत ठेवा. लॉगिन केल्यावर वर घंटी, तिच्यात तारखेसह गेल्या ९० दिवसांचे निरोप, न वाचलेले ठळक. डेटाबेसात एक तक्ता पुरतो: कोणाला, काय, कधी, वाचलं का. मग "आलंच नाही" म्हणणाऱ्याला "पेटीत बघा" सांगता येतं, आणि मेसेजही आखूड होतो. ईमेल नाही म्हणजे पासवर्ड विसरल्यावर दुवाही पाठवता येत नाही. नोंदणीच्या वेळी आठ-दहा सुटका-कोड दाखवून ते कागदावर उतरवून घ्यायला सांगा, नाहीतर सिम हरवलं की खातंही गेलं.

कुठे थांबायचं

डीएलटीचं टेम्पलेट एकाच कारणाने दोनदा नाकारलं गेलं तर तिसऱ्यांदा अंदाजाने भरू नका, गेटवेच्या मदत विभागाला नाकारल्याचं कारण आणि टेम्पलेट आयडी पाठवा. अनेक नंबरांवर "सबमिटेड" तासभर तसंच राहिलं तर दोष तुमच्याकडचा नाही. मेसेज आयडी, नंबर आणि वेळ देऊन तक्रार नोंदवा आणि थांबा. पुन्हा पुन्हा पाठवलंत तर पैसे जातात आणि नंतर ग्राहकाला एकच निरोप पाच वेळा मिळतो.

एकाचा ओटीपी किंवा थकबाकी दुसऱ्याला गेली, व्हॅपिडची खाजगी किल्ली किंवा फायरबेसची फाइल साइटवर उघडी सापडली, किंवा तुम्ही न पाठवलेले मेसेज तुमच्या हेडरने जाऊ लागले, तर स्वतः प्रयोग करू नका. पाठवणं त्याच क्षणी बंद करा, गेटवेच्या एपीआयचा पासवर्ड बदला आणि सुरक्षा जाणणाऱ्या डेव्हलपरला बोलवा. त्याला द्यायचं ते असं: एक नंबर जिथे निरोप पोहोचला, एक जिथे नाही, दोन्हींच्या वेळा, परतीचे कोड, आणि शेवटचा बदल कोणी कधी केला. डीएलटीचा पासवर्ड आणि किल्ल्या व्हॉट्सॲपवर पाठवू नका, त्याला समोर बसवून तुम्हीच टाका.